आमच्याकडे हें चालत नाहीं

"आमच्याकडे हें चालत नाहीं" हें वाक्य मीं प्रथम ऐकलें तें वसईच्या एका चित्रगृहाच्या तिकीट-खिडकीशीं. परदेशांतील एका मोठ्या महोत्सवांत बक्षीस मिळवून आलेला एक मराठी चित्रपट त्या शुक्रवारीं मुंबईंत लागला होता. वर्तमानपत्रांनीं त्याचें कौतुक केलें होतें, आणि घरांतील सर्वांनीं मिळून तो पाहावा असें आमचें ठरलें होतें. तो आपल्या शहरांत कोठें लागला आहे हें पाहूं गेलों, तों वसईपासून विरारपर्यंत एकाहि पडद्यावर त्याचें नांव दिसेना. म्हणून समक्ष चौकशीला गेलों. खिडकीमागच्या मुलानें व्यवस्थापकांना बोलावलें. ते गृहस्थ अत्यंत सभ्य होते. "काका, तो अवॉर्डवाला पिक्चर ना? आमच्याकडे हें चालत नाहीं. तुम्ही अंधेरीला जा," असें त्यांनीं हंसतमुखानें सांगितलें. त्या चित्रपटाचें आणि त्या चित्रगृहाचें नांव मी मुद्दामच देत नाहीं; कारण दोष त्या एका चित्रगृहाचा नाहीं, आणि तें वाक्यहि त्या एका गृहस्थाचें नाहीं.

त्यांच्या आज्ञेप्रमाणें मी अंधेरीला गेलों; एकटाच, कारण गाडीच्या गर्दीचें नांव काढतांच घरांतील बाकीचे मागें सरले. चित्रपट दोन तासांचा होता आणि जाण्यायेण्यांत तीन तास गेले. रात्रीच्या विरार गाडींत दांडीला लोंबकळत परत येतांना मनांत एक हिशेब सुरू झाला. मुंबईची पहिली उपनगरी गाडी १८६७ सालीं सुटली ती विरारहून. म्हणजे दीडशेंहून अधिक वर्षें आम्ही नोकरीसाठीं, शिक्षणासाठीं, औषधपाण्यासाठीं आणि नाटकासाठीं त्याच रुळांवरून दक्षिणेकडे जात आहों. येथें केळीचे मळे आणि मिठागरें होतीं तोंवर या यात्रेला कारण होतें. पण २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत वसई-विरारची वस्ती बारा लाखांहून अधिक भरली. त्यानंतर जे मनोरे उभे राहिले त्यांची तर मोजदादच नाहीं. या एवढ्या वस्तीच्या शहरांत बहुपडदा चित्रगृहें आहेत, त्यांत थंड हवा आहे, मऊ खुर्च्या आहेत, मक्याच्या लाह्यांचे डबे आहेत. ज्या चित्रपटासाठीं मी अंधेरीला गेलों त्याला मात्र येथें एका खेळाचीहि जागा मिळाली नाहीं.

आतां "चालत नाहीं" या शब्दांचा अर्थ काय तो पाहूं. बाजारांतील भाजीवाली "आज कारलीं चालत नाहींत" असें म्हणते, तेव्हां तिनें चार दिवस तीं मांडून पाहिलेलीं असतात. तिच्या बोलण्याला अनुभवाचा आधार असतो. ज्या दुकानदारानें कारलें कधीं दुकानांत ठेवलेंच नाहीं, त्यानें तें खपत नाहीं असें सांगावें आणि गिऱ्हाइकानें मुकाट्यानें परतावें, हा प्रकार चित्रपटांच्या बाजारांतच शोभतो.

आणि चुकून ठेवलेंच, तर तें कसें ठेवतात? शुक्रवारीं नवे चित्रपट लागतात. ज्याच्यामागें जाहिरातीचा पैसा नाहीं त्याला दिवसाचा एखादा खेळ मिळतो. तोहि सकाळीं साडेनऊचा, नाहींतर भर दुपारीं, कामाच्या वेळीं. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला पाहून पुढच्या आठवड्याचे खेळ ठरविण्यांत येतात. असा चित्रपट लोकांपर्यंत पोंचतो तो एकानें दुसऱ्यास सांगितल्यानें. एक शिक्षक तो पाहतो, शाळेंत सांगतो; त्या शाळेंतील बाई घरीं सांगतात; घरचीं माणसें पुढच्या रविवारचा बेत करतात. या सांगण्यास आठदहा दिवस तरी हवेत. तेवढ्यांत चित्रपट उतरलेला असतो, आणि रिकाम्या खुर्च्यांचा आंकडा पुरावा म्हणून पुढें करण्यांत येतो. मुलाला उपाशी ठेवावें, मग त्याला तागडींत घालावें आणि तें मुळांतच रोडकें होतें असा निकाल द्यावा, यांतलाच हा न्याय आहे.

चित्रगृहवाल्याची अडचण मला कळत नाहीं असें नव्हे. जागेचें भाडें, विजेचें बिल, नोकरांचे पगार हें सारें त्याला चुकत नाहीं. दोनशें खुर्च्यांत अकरा माणसें बसलीं तरी थंड हवेचें यंत्र तेवढेंच चालतें. तो व्यापारी आहे, आणि त्यानें धर्मशाळा काढावी असें मी म्हणत नाहीं. पण त्यानें आपल्या आळसाला लोकरुचीचें नांव देऊं नये. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ सालीं लागला तेव्हां बेताचाच चालला. २०२४ च्या सप्टेंबरांत तोच चित्रपट पुन्हां लावण्यांत आला आणि पहिल्या खेपेहून अधिक पैसा मिळवून गेला. चित्रपटाची एक चौकटहि बदललेली नव्हती. मधल्या सहा वर्षांत लोकांनीं एकमेकांना सांगितलें होतें एवढेंच. त्याच वर्षाच्या जूनमध्यें श्याम बेनेगल यांचा 'मंथन' देशांतील पन्नासएक शहरांत पुन्हां पडद्यावर आला. हा चित्रपट १९७६ सालीं निघाला तो गुजराथच्या पांच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन दोन रुपये घातले म्हणून. फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेनें त्याची जुनी प्रत दुरुस्त केली, ती कानच्या महोत्सवांत दाखविली आणि मग चित्रगृहांत आणली. जुनें आणि गंभीर, दोन्हीहि 'चालतें', चालविणारा पाहिजे.

'महोत्सवाचा चित्रपट' आणि 'चालणारा चित्रपट' अशी जी जातिव्यवस्था आज आपण गृहीत धरून बसलों आहों, ती आपल्या आजोबांना ठाऊक नव्हती. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. दामले आणि फत्तेलाल यांनीं तो काढला, विष्णुपंत पागनीस यांनीं त्यांत तुकोबा उभे केले. मुंबईंत तो वर्षाहून अधिक काळ चालला. लोक पडद्यापुढें हात जोडीत. आणि तोच चित्रपट १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. पंढरीच्या वारकऱ्यासाठीं एक आणि इटलींतील परीक्षकांसाठीं एक अशा दोन प्रती प्रभातनें काढल्या नव्हत्या. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ची गोष्टहि तीच. १९५३ सालच्या या चित्रपटाला १९५४ सालीं राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. पण ज्या आयांनीं तो पाहतांना डोळ्यांना पदर लावला, त्यांनीं तो पदक पाहून लावला नव्हता.

बक्षीस मिळालेला चित्रपट म्हणजे कंटाळवाणा हें समीकरण नंतरचें आहे, आणि तें रूढ करण्यांत कांहीं दिग्दर्शकांचाहि हातभार लागला आहे, हें कबूल केलें पाहिजे. एका महोत्सवांत मीं असा चित्रपट पाहिला आहे कीं ज्यांत एक मनुष्य भिंतीकडे पाहत बसतो. त्याच्याकडे पाहतां पाहतां मला झोप लागली. जागा झालों तेव्हां तो तेथेंच होता. पण वाईट कादंबऱ्या निघतात म्हणून कोणी ग्रंथालयाला कुलूप लावीत नाहीं.

येथवर वाचून माझे सुशिक्षित शेजारी म्हणतील, "अहो, एवढा त्रागा कशाला? आतां सगळें घरांतच मिळतें. महिन्याची वर्गणी भरा आणि पाहिजे तें पाहा." हा आक्षेप चित्रगृहवाल्याच्या आक्षेपाहून अधिक गंभीर आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतों.

२०१५ च्या एप्रिलांत, बहुपडदा चित्रगृहांनीं संध्याकाळीं सहा ते रात्रीं नऊ या वेळांत मराठी चित्रपट दाखवावेत अशी सक्ती सरकारनें जाहीर केली आणि तिच्यावरून मोठा गदारोळ उठला. योगायोग असा कीं त्याच महिन्यांत चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' प्रदर्शित झाला. व्हेनिसला त्याला बक्षीस मिळालेलें होतें, आणि आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांतहि तो सर्वोत्कृष्ट ठरला होता. एका लोकशाहिरावर त्याच्या गाण्यानें आत्महत्येस चिथावणी दिली असा आरोप येतो, आणि तो खटला तारखांमागून तारखा पडत कसा सरपटत राहतो, त्याची ही कथा. शेवटाकडे त्यांत एक दृश्य आहे. न्यायालयाला सुटी लागते. माणसें उठून जातात, दिवे मालवले जातात, आणि पडद्यावर अंधाऱ्या, रिकाम्या न्यायालयाखेरीज कांहीं उरत नाहीं. कॅमेरा हालत नाहीं. संगीत नाहीं. नुसता काळोख.

मीं तें दृश्य चित्रगृहांत पाहिलें आहे आणि घरींहि पाहिलें आहे. चित्रगृहांत पडद्यावरचा काळोख आणि आमच्या भोंवतालचा काळोख एक झाला. मागें कोणीतरी खोकलें आणि थांबलें. त्या शंभरएक माणसांना आंत ठेवून कोणी बाहेरून कडी लावली आहे असें क्षणभर वाटलें. कच्च्या कैदेंत पडलेल्या माणसाला सुटी म्हणजे काय हें मला त्या काळोखांत कळलें. तोंपर्यंत सुटी हा शब्द मीं सुखाचा समजत होतों. घरीं तेंच दृश्य आलें तेव्हां मुलगा म्हणाला, "नेट गेलें वाटतें," आणि त्यानें उठून तारा हालविल्या. सूनबाई कुकरच्या शिट्या मोजण्यास आंत गेल्या. मीं स्वतः, खोटें कशाला बोलूं, चष्मा पुसून घेतला. दृश्य आमच्या भिंतीवरून निघून गेलें. तें पाहिलें कोणींच नाहीं. घरांत चित्रपट आपल्या हाताखालीं असतो. तो थांबवितां येतो, पुढें ढकलतां येतो, अर्ध्यावर सोडतां येतो. चित्रगृहांत आपण त्याच्या हाताखालीं असतों, आणि कांहीं चित्रपटांना एवढ्यापुरती तरी आपली शरणागति लागते. 'तुंबाड' ज्यांनीं घरीं पाहिला होता त्यांतल्याच पुष्कळांनीं २०२४ सालीं पुन्हां पैसे मोजून तिकीट काढलें, तें काय उगीच? शिवाय वर्गणी भरून जें मिळतें तें आपल्या मालकीचें नसतें. आज यादींत असलेला चित्रपट उद्यां तेथें असेलच असा भरंवसा कोणी देत नाहीं.

वसईला कलेचें वावडें आहे असें कोणी म्हणूं लागला तर मी त्याच्याशीं भांडेन. दरसाल डिसेंबरांत येथें कला-क्रीडा महोत्सव भरतो आणि त्यांत तालुक्यांतील मुलें गातात, नाचतात, नाटकें करतात. 'सुवार्ता' मासिक चालविणारे आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातींतले. २०२४ सालीं ते गेले तेव्हां सर्व धर्मांची वसई हळहळली. चित्रपटसृष्टीशीं तर आमची जुनी ओळख आहे. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं घेतलेल्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींपुढें कॅमेरे येऊन गेले आहेत. २०१६ सालच्या कोल्डप्ले या इंग्रज वाद्यवृंदाच्या एका गीतपटांतहि तो किल्ला आहे. नायगांवच्या बाजूला दूरचित्रवाणीच्या मालिकांसाठीं राजवाडे उभे राहतात आणि मोडले जातात. म्हणजे चित्रें काढण्यास आमचें गांव चालतें. पाहण्यास चालत नाहीं.

त्या व्यवस्थापकांचें एक वाक्य मीं मुद्दाम मागें ठेवलें होतें. मी थोडा चिडून त्यांना विचारलें, "अहो, आजवर कितीजणांनीं येऊन असे चित्रपट मागितले?" ते म्हणाले, "काका, तुम्ही पहिलेच."

हें उत्तर मला अंधेरीच्या गाडीहून अधिक बोंचलें. ग्रंथालयांत एखादें वर्तमानपत्र येईनासें झालें तर आपण सह्यांचा अर्ज करतों. नाट्यगृहाची दुरुस्ती लांबली तर वर्तमानपत्रांत पत्र लिहितों. मुलाला गाण्याच्या शिकवणीला, वक्तृत्वाला, बुद्धिबळाला घालतों, आणि त्याच मुलाच्या वाढदिवसाला, जो काय लागला असेल तो चित्रपट दाखवून आणतों. नांवहि विचारीत नाहीं. पुस्तक निवडावें लागतें, शिक्षक निवडावा लागतो, भाजीसुद्धां आपण निवडून घेतों. चित्रपट मात्र जो वाढला जाईल तो पानांत घ्यावयाचा. चित्रपट म्हणजे दोन घटकांचा विरंगुळा, त्याला रुचि ती काय असावयाची, अशी आपली समजूत आहे. ती समजूत चित्रगृहवाल्यानें ओळखली आणि आपला व्यापार तिच्यावर मांडला. त्याला दोष देण्यापूर्वीं आपण जरा थांबावें हें बरें.

आपल्यांत जे रसिक म्हणून ओळखले जातात त्यांची तऱ्हा आणखी निराळी. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२ पासून भरतो; भारताचा महोत्सव १९५२ सालीं मुंबईंत सुरू झाला आणि २००४ पासून तो गोव्यालाच स्थिरावला. माझ्या ओळखीचे तिघे दरवर्षीं रजा काढून या महोत्सवांना जातात. गळ्यांत ओळखपत्र अडकवून दिवसाला पांच पांच चित्रपट पाहतात, आणि परत आल्यावर इराणपासून कोरियापर्यंतच्या दिग्दर्शकांचीं नांवें भराभर सांगतात. मला त्यांचा हेवा वाटतो, हें लपवीत नाहीं. पण वर्षभर कावळ्यांना हाकलावयाचें आणि पितृपक्षांत त्यांना पान वाढावयाचें, तसें हें झालें आहे. आठ दिवसांच्या त्या अजीर्णांतून बाहेर पडलेला मनुष्य आपल्या स्टेशनाबाहेरच्या चित्रगृहाकडे मान वर करूनहि पाहत नाहीं. मीं एकाला म्हटलें, "त्यांतला एक तरी चित्रपट विरारला दाखवूं या." तो म्हणाला, "विरारला कोण पाहणार?" व्यवस्थापक आणि तो, दोघांचें मत एकच, फक्त एकाच्या गळ्यांत ओळखपत्र आहे.

पूर्वीच्या लोकांनीं हें कसें केलें तें पाहिलें म्हणजे आपली लाज वाटते. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांचे मित्र यांनीं कलकत्त्यास १९४७ सालीं फिल्म सोसायटी काढली, तेव्हां 'पथेर पांचाली' आठ वर्षें दूर होता. पाहणारे आधीं जमले, मग करणारा निघाला. अशा मंडळांचा अखिल भारतीय संघ १९५९ सालीं झाला. मुंबईंत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून. पुण्याला १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानें रिळांमागून रिळें गोळा करून तीं गांवोगांवच्या मंडळांना दाखविण्यास दिलीं. पत्र्याचे जड डबे रेल्वेनें यावयाचे, प्रक्षेपक भाड्यानें आणावयाचा, मध्येंच रीळ तुटावयाचें, आणि सभासद अंधारांत तसेच बसून राहावयाचे. आज तो सर्व खटाटोप गेला. अख्खा चित्रपट एका लहानशा पेटींतून येतो. उरलें आहे तें फक्त बसणें, आणि तेवढेंच आपल्याच्यानें होत नाहीं.

जें कोणी पाहत नाहीं तें राखलेंहि जात नाहीं. मूकपटांच्या काळांत या देशांत तेराशेंच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतले पुरे आणि तुटके मिळून आज तीसच्या जवळपासच हातीं लागतात. बाबूराव पेंटर यांचा १९२५ सालचा 'सावकारी पाश', ज्यांत तरुण व्ही. शांतारामांनीं शेतकऱ्याची भूमिका केली, त्याची प्रत कोठेंहि उरलेली नाहीं. त्यावर आपण लेख लिहितों, व्याख्यानें देतों. चित्रपट मात्र गेला.

माझी मागणी फार लहान आहे. महिन्यांतून एका रविवारीं सकाळीं दहा वाजतां एक खेळ. त्या वेळीं चित्रगृहांतले कांहीं पडदे तसेहि रिकामे असतात. चित्रगृह नसेल तर शाळामहाविद्यालयांचीं सभागृहें आहेत, महापालिकेचीं आहेत. दोनशें कुटुंबांनीं वर्षाला हजार रुपये दिले तर दोन लाख होतात. जागेचें भाडें आणि चित्रपटाच्या मालकाचा हक्काचा मोबदला यांतूनच द्यावयाचा. चोरून उतरविलेली प्रत दाखवून संस्कृतीची सेवा करण्याचा विचार कोणाच्या मनांत असेल तर त्यानें आमच्यांत येऊं नये. पहिला चित्रपट अविनाश अरुण यांचा 'किल्ला' असावा असें मला वाटतें. बदलीच्या गांवीं आईबरोबर आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची ती गोष्ट आहे. समुद्र आहे, पाऊस आहे, आणि बर्लिनच्या महोत्सवांत त्याला मुलांच्याच परीक्षक-मंडळानें २०१४ सालीं बक्षीस दिलें आहे. दर दोन वर्षांनीं नव्या इमारतींत, नव्या शाळेंत जाणारीं मुलें आमच्या शहरांत हजारोंनीं आहेत. त्यानंतर 'संत तुकाराम', मग 'कोर्ट'. आणि काळोखाच्या त्या दृश्याच्या वेळीं कोणी उठून तारा हालवूं लागला तर त्याला खालीं बसवण्याची जबाबदारी माझी.

या कामासाठीं मीं एक वही केली आहे. आजवर तींत त्रेचाळीस सह्या झाल्या आहेत. बहुतेक शेजारपाजारच्या आहेत, सात एका शाळेंतील शिक्षकांच्या आहेत, आणि एक त्या तिकीट-खिडकीमागच्या मुलाची आहे. पुढच्या आठवड्याचे खेळ बुधवारीं ठरतात असें त्यानेंच मला सांगितलें. येत्या बुधवारीं ती वही घेऊन मी त्या व्यवस्थापकांकडे जाणार आहें.